एक्क्याण्णवावं स्तोत्र आणि रिसालदार साहेबांचं रजिस्टर

मानसरोवरला पोस्टिंग म्हटल्यावर घरच्या ग्रुपवर कैलासाचे फोटो पडायला लागले. आत्याने तर गरम कपडे घे म्हणून फोन केला. मंडळी, हे मानसरोवर जयपूरचं. इथे सरोवर नाही, हंसही नाहीत. मेट्रोचं शेवटचं स्टेशन आहे, चौकाचौकांत कोचिंग क्लासच्या पाट्या आहेत आणि सकाळी सहालाच प्याज कचोरीच्या कढया चढतात. कँटोन्मेंटमधल्या क्वार्टरची वेटिंग लिस्ट लांब, म्हणून सध्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये मुक्काम आहे. युनिट आणि कामाचा तपशील नेहमीप्रमाणे गाळतो आहे. मी सिग्नल्सचा आहे, एवढं मात्र सांगावं लागेल, कारण पुढचं सगळं त्यावरून सुरू झालं.

खालच्या मजल्यावर एक निवृत्त रिसालदार मेजर राहतात. मूळचे नगरचे, मराठी ख्रिस्ती. रणगाड्यांवर उभी हयात गेली, मुलगा इथे नोकरीला लागला म्हणून इथेच घर घेतलं. पहिल्याच आठवड्यात जिन्यात मराठी ऐकून थांबले, नाव-गाव विचारलं आणि सवयीने सावधान झाले. सत्तरी ओलांडलेला माणूस मला ‘साहेब’ म्हणतो, मी त्यांना ‘रिसालदार साहेब’ म्हणतो. फौजेतलं हे असंच चालायचं. त्यांच्या मिसेस मात्र मला सरळ ‘भाऊ’ म्हणतात आणि डब्यातून भाकरी पाठवतात.

त्यांचा मुलगा दीड वर्षापूर्वी दिल्लीच्या हायवेवर अपघातात गेला. एकतीस वर्षांचा होता. फौजेत नव्हता.

एका रविवारी त्यांनी मला खाली बोलावलं. टेबलावर लांबट सरकारी थाटाचं रजिस्टर होतं, तांबड्या कापडी पाठीचं. आत पानोपानी चौकटी आखलेल्या आणि प्रत्येक चौकटीत एक अक्षर. मराठी बायबलमधलं एक्क्याण्णवावं स्तोत्र त्यांनी काना-मात्रा काढून अक्षराला अक्षर लावून उतरवलं होतं. मग दर सातवं अक्षर, दर अकरावं, दर एकोणिसावं, अशा उड्या. एका पानावर तीन चौकटींभोवती लाल पेन्सिलीने गोल होते. मुलाचं नाव.

“साहेब, तुम्ही सिग्नलवाले. सायफर तुमचा धंदा. बघा, हे खरंय की मी म्हातारपणी चळलोय?”

त्यांना हे कुठून मिळालं ते विचारायची गरज नव्हती. प्राचीन हिब्रू काव्यात दडलेलं ज्ञान, स्तोत्रांतले गुप्त आकडे, देवाने अक्षरांत लपवलेल्या तारखा, असे व्हिडिओ हिंदीतही ढिगाने आहेत. आपल्याकडे हनुमानचालिशीत सूर्याचं अंतर सापडतं आणि वेदांत विमानं सापडतात, त्याचाच हा चुलत भाऊ. चांगली शिकलेली माणसंही त्यात रमतात. मी स्वतः कॅडेट असताना एका सीनियरकडून ऐकून महिनाभर असल्या आकडेमोडीत घालवला होता, हे कबूल करून टाकतो.

माझं मत आधीच सांगतो: हे गुप्त संकेत शोधणं मला न वाचण्याचा एक फार कष्टाळू मार्ग वाटतं. पण हिब्रू काव्यात काहीच लपवलेलं नाही, असंही नाही, आणि खरी मजा तिथेच आहे.

हिब्रू वर्णमाला बावीस अक्षरांची, अलेफपासून तावपर्यंत. यिर्मयाच्या पुस्तकात ‘शेशख’ नावाच्या एका राज्याचा उल्लेख येतो. असं राज्य नकाशावर नाही. वर्णमाला उलटी करून पहिल्या अक्षराच्या जागी शेवटचं, दुसऱ्याच्या जागी शेवटून दुसरं, असं बदलत गेलं की ‘शेशख’चं ‘बाबेल’ होतं, म्हणजे बॅबिलोन. या पद्धतीला अतबाश म्हणतात. जगातल्या जुन्यात जुन्या अक्षर-बदलाच्या उदाहरणांत हिची गणना होते आणि सायफरच्या इतिहासाच्या पुस्तकांत सुरुवातीलाच ती भेटते. म्हणजे संकेत होता. पण एक गोष्ट सिग्नलवाल्याच्या नजरेतून सुटत नाही. त्याच पुस्तकाच्या एक्कावन्नाव्या अध्यायात एकाच वचनात आधी ‘शेशख’ येतं आणि लगेच पुढच्या अर्ध्यात ‘बाबेल’ उघड नावाने येतं. एकच मजकूर सायफरमध्ये आणि क्लिअरमध्ये एकत्र पाठवायचा नाही, हा आमच्याकडचा पहिला धडा. हे करणाऱ्या ऑपरेटरचं काय होतं ते सांगत नाही. तेव्हा त्या कवीला काही लपवायचं होतं असं मला वाटत नाही. त्याला शब्द उलटा करून ऐकवायचा होता, एखाद्या माजलेल्या नावाची टोपी उलटी घालावी तसा.

दुसरी कारागिरी वर्णक्रमाची. एकशे एकोणिसावं स्तोत्र एकशे शहात्तर वचनांचं आहे: बावीस अक्षरं, प्रत्येक अक्षरावर आठ वचनं, आठही त्याच अक्षराने सुरू होणारी. आपण बाराखडी घोकली तशी ही पाठ करायची सोय. आणि तेच तंत्र विलापगीतात बघा. यरुशलेम बॅबिलोनच्या फौजेने उद्ध्वस्त केलं, त्यानंतरचा हा शोक. पाच कविता आहेत. पहिली, दुसरी आणि चौथी वर्णक्रमाने बावीस वचनांची. तिसरी प्रत्येक अक्षरावर तीन-तीन, म्हणजे सहासष्ट वचनांची. पाचवीत पुन्हा बावीसच वचनं आहेत, पण वर्णक्रम सुटलेला. सांगाडा राहिला, अक्षरांची शिस्त गेली.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला काश्मीरमधल्या एका पोस्टवरची रात्र आठवली. आमचा एक लान्स नायक गेला होता आणि माझा हवालदार रात्रभर स्टोअरचं लेजर तपासत बसला होता. बूट किती, ब्लँकेट किती, जेरीकॅन किती. सगळं आधीच बरोबर होतं. दुःखाला धरायला काहीतरी आखलेलं लागतं. विलापगीत लिहिणाऱ्याने वर्णमाला धरली. रिसालदार साहेबांनी रजिस्टर.

हे मला त्या रविवारी सुचलं असतं तर बरं झालं असतं. मी काय केलं? मी लेक्चर दिलं.

१९९४ मध्ये ‘स्टॅटिस्टिकल सायन्स’ या नामांकित नियतकालिकात डोरॉन वित्झटुम, एलियाहू रिप्स आणि योआव रोझेनबर्ग यांचा निबंध छापून आला. उत्पत्तीच्या पुस्तकातली अठ्ठ्याहत्तर हजार अक्षरं एका ओळीत मांडून, ठरावीक उड्या मारत त्यांनी नंतरच्या काळातल्या रब्बींची नावं आणि त्यांच्या तारखा जवळजवळ आलेल्या दाखवल्या. १९९७ मध्ये मायकेल ड्रॉस्निन या पत्रकाराने त्यावर ‘द बायबल कोड’ लिहिलं आणि इस्रायलचे पंतप्रधान राबिन यांच्या हत्येपर्यंत सगळं आत आहे म्हणून सांगितलं. पुस्तक धो धो खपलं. ऑस्ट्रेलियातले गणिती ब्रेंडन मॅके यांनी मग हाच खेळ ‘मोबी डिक’ या देवमाशाच्या कादंबरीवर करून दाखवला. त्यात अर्ध्या जगातल्या पुढाऱ्यांच्या हत्या सापडल्या, आपल्या इंदिरा गांधींचीसुद्धा. १९९९ मध्ये त्याच नियतकालिकात मॅके आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी मूळ निबंधाचं सविस्तर खंडन छापलं. नावांचं स्पेलिंग कोणतं घ्यायचं, तारीख कशी लिहायची, याची इतकी मोकळीक होती की हवा तो निकाल आणता येत होता.

एवढ्यावर थांबलो नाही. कागद ओढून हिशोबही मांडला. स्तोत्रात समजा हजार अक्षरं. सुरुवात कुठूनही करा, उडी दोनपासून पन्नासपर्यंत कितीचीही, दिशा पुढची किंवा मागची. वाटा झाल्या अठ्ठ्याण्णव हजार. मराठीत व्यंजनं चौतीस धरली आणि काना-मात्रा सोडून दिल्या, तर तीन अक्षरांचं कोणतंही नाव जुळण्याची शक्यता एकोणचाळीस हजारांत एक. म्हणजे एकाच स्तोत्रात ते दोन-अडीच वेळा सापडायलाच हवं. अक्षरं र, न, तसारखी नेहमीची असतील तर अजून जास्त. तुमच्या मुलाचं नाव सापडतं, माझंही सापडेल आणि कोपऱ्यावरच्या कचोरीवाल्याचंही. शिवाय हा मराठी तर्जुमा. संकेत असलाच तर तो हिब्रूत असेल, मराठी तर्जुम्यात नाही.

प्रत्येक शब्द खरा होता. रिसालदार साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं, “हां साहेब, बराबर” म्हणाले आणि रजिस्टर मिटलं. काकू चहा घेऊन येत होत्या, त्या दारातच थांबल्या.

ईयोबाच्या पुस्तकात हेच होतं, आणि ते पुस्तक मी तेव्हा दोनदा वाचलेलं होतं! ईयोबाची मुलं जातात, जनावरं जातात, अंगभर फोड येतात. तीन मित्र भेटायला येतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसतात. तोपर्यंत ते उत्तम मित्र असतात. मग ते बोलायला लागतात. तीस-पस्तीस अध्याय काव्यातला वाद चालतो, मित्रांचं म्हणणं सुसंगत, मुद्देसूद, कारण-परिणाम जोडणारं. आणि शेवटी देव त्या समजावणाऱ्यांवर रागावतो आणि ओरडणाऱ्या ईयोबाच्या बाजूने बोलतो. मी सात मिनिटंही गप्प बसलो नव्हतो.

पुढचे दोन आठवडे जिन्यात नुसताच नमस्कार. मग मी एक गोष्ट घेऊन खाली गेलो. पंडिता रमाबाईंची.

रमाबाईंचं शिक्षण, कलकत्त्यातला सन्मान, मुक्ती मिशन, हे आपल्याला शाळेत थोडंफार शिकवतात. बायबलचं काम मात्र फारसं कोणी सांगत नाही. दौंड लाइनवर केडगाव स्टेशन लागतं, तिथे त्यांचं मिशन. संस्कृतात मुरलेल्या या बाईंना वाटलं की प्रचलित मराठी बायबल साध्या बायकांना कळत नाही. म्हणून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मुळातून सोप्या मराठीत आणायला घेतलं. छपाई तिथेच, मिशनमधल्या बायकांच्या हातून. काम वर्षानुवर्षं चाललं. ते संपत आलेलं असताना, १९२१ च्या जुलैत, त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, वयाच्या चाळिसाव्या वर्षी. आईने काम टाकलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या आणि ते बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं.

दडलेलं शोधायला निघालेल्या माणसाने काय करावं, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. बाईंना त्या काव्याच्या तळाशी जायचं होतं, तर त्यांनी व्याकरण शिकलं. क्रियापदं पाठ केली.

मराठीत ही वाट जुनीच आहे. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रूचं व्याकरण मराठीत काढलं, ते मुख्यतः कोकणातल्या बेने इस्रायलांसाठी. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. शेमाची प्रार्थना त्यांनी शतकानुशतकं जपली, पण हिब्रू वाचन बरंचसं हरवलं होतं. पुढे त्यांच्यातल्याच जोसेफ इझेकिएल राजपूरकरांनी प्रार्थनांची पुस्तकं एकामागून एक मराठीत आणली. १८७४ मध्ये पुण्यात हिब्रू आणि मराठी अशी हग्गादा छापली गेली. त्याच शतकाच्या अखेरीस ही मंडळी दावीद आणि मोशेच्या कथांवर चक्क कीर्तनं करायला लागली, टाळ-झांजांसकट. (जाता जाता: खडकवासल्याला आमच्या अकादमीचे एक कमांडंट, रिअर अॅडमिरल बेंजामिन अब्राहम सॅमसन, याच समाजातले. कॅडेट असताना ते नाव पाटीवर रोज दिसायचं, अर्थ बऱ्याच वर्षांनी लागला.)

रमाबाईंच्या मुलीची गोष्ट रिसालदार साहेबांनी ऐकली. खूप वेळ काही बोलले नाहीत. मग आतून एक प्लॅस्टिकचं पाकीट घेऊन आले. त्यात घडी घालून घालून चिरलेला कागद. एक्क्याण्णवावं स्तोत्र, वडिलांनी हाताने लिहून दिलेलं. हे स्तोत्र सैनिकांचं म्हणून जगभर ओळखलं जातं. रात्रीची भीती, दिवसाचा बाण, डावी-उजवीकडे माणसं पडत असतानाही तू राखला जाशील, अशा अर्थाचं. कित्येक देशांच्या फौजांत ते खिशात ठेवतात. साहेबांनी नोकरीभर ते खिशात ठेवलं, आणि मुलाने पहिली गाडी घेतली त्या दिवशी तो कागद त्याच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवला. अपघातानंतर गाडीतून जे सामान परत मिळालं त्यात हा होता.

“साहेब, वर लिहिलंय ते तर खोटं ठरलं. म्हटलं, मग खाली काहीतरी असंल.”

हे ऐकल्यावर मला सगळे व्हिडिओ, सगळे कोड, सगळी रजिस्टरं एकदम कळली. माणूस दडलेला अर्थ हौसेने शोधत नाही. उघड अर्थाने दगा दिला की तो खाली खणायला लागतो. म्हणून मॅकेचं गणित बरोबर असूनही इथे निरुपयोगी होतं. ते प्रश्नाचं उत्तरच नव्हतं.

मग मी एवढंच म्हटलं की हे स्तोत्र एकटंच का वाचायचं, आजूबाजूची पण बघू. अठ्ठ्याऐंशीव्यापासून सुरुवात केली. दीडशे स्तोत्रांमधलं ते सगळ्यांत काळोखं. तक्रार करणाऱ्या बहुतेक स्तोत्रांत शेवटी कुठेतरी वळण येतं, विश्वासाची एखादी ओळ येते. याच्यात येत नाही. अंधारावरच संपतं. कुणीतरी ते तसंच ठेवलं, शेवट गोड केला नाही. एकोणनव्वदाव्यात दावीदाच्या घराण्याला दिलेलं वचन मोडलं म्हणून देवालाच जाब विचारला आहे. नव्वदावं माणसाच्या आयुष्याच्या आखूडपणावर आहे आणि मोशेच्या नावावर नोंदलेलं आहे. आणि मग एक्क्याण्णवावं. ज्याने ही क्रमवारी लावली त्याने अंधार, मोडलेलं वचन, आखूड आयुष्य आणि त्यानंतरच राखणीचं स्तोत्र, असं मांडलं. यात कोड नाही. पानं क्रमाने उलटायची एवढंच.

आणखी एक गोष्ट साहेबांनीच सांगितली, मला सुचली नव्हती. नव्या करारात सैतान येशूला मंदिराच्या टोकावर नेऊन उडी मार म्हणतो, आणि पुरावा म्हणून याच स्तोत्राचा हवाला देतो: देवदूत झेलतीलच की. येशू नकार देतो. “म्हणजे गॅरंटी म्हणून वापरू नको, असं तिथं पण लिहिलंय,” साहेब म्हणाले. लहानपणी संडे स्कूलमध्ये शिकलेलं त्यांना सत्तरीत आठवलं होतं.

त्यांना त्यातून समाधान मिळालं, असं मी लिहिणार नाही. ते म्हणाले, “वाचायला बरं वाटतं, पण राग जात नाही.” मी म्हटलं, ईयोबाचा पण शेवटपर्यंत गेला नव्हता. काकू मध्येच म्हणाल्या, “ह्यांचा राग लग्नापासूनचा आहे,” आणि आम्ही तिघंही हसलो, त्या घरात मी पहिल्यांदाच.

विद्वानांनी हिब्रू काव्याचा सांगाडा कधीच उघडा करून ठेवला आहे. ऑक्सफर्डच्या रॉबर्ट लोथ यांनी १७५३ मध्ये आपली व्याख्यानं छापली आणि दाखवलं की हे काव्य जोडओळींवर चालतं. पहिली ओळ एक म्हणते, दुसरी तेच वेगळ्या तोंडाने म्हणते, किंवा उलट करते, किंवा एक पायरी पुढे नेते. जात्यावर दोघी बसल्या की एकीची ओवी दुसरी उचलते, त्याची मला आठवण होते. म्हणूनच हे काव्य भाषांतरात टिकतं. यमक गळून पडतं, पण अर्थाची जोडी राहते, हिब्रूतून मराठीत आली तरी. सात-सात अक्षरांच्या उड्या मारणाऱ्याच्या हातून मात्र नेमकी हीच जोडी तुटते.

सध्या आमचा रविवारचा कार्यक्रम ठरला आहे. मी परेडची दाढी करून खाली जातो, साहेब मोठ्याने वाचतात, आवाज अजून रणगाड्याच्या इंजिनवर मात करणारा. रमाबाईंची प्रत मिळाली नाही, नेहमीचीच वापरतो. स्तोत्रांत अधूनमधून ‘सेला’ हा शब्द येतो, एकूण एकाहत्तर वेळा. त्याचा अर्थ आजवर कुणाला निश्चित लावता आलेला नाही. वादकांसाठी खूण असावी, थांबण्याची असावी, असे अंदाज आहेत. साहेबांनी त्यावरही रजिस्टर उघडलं असतं, पण त्यांनी दुसरंच ठरवलं. सेला आला की ते थांबतात, चष्मा काढतात, कॉलरने पुसतात आणि पुन्हा लावून पुढे वाचतात. अठ्ठ्याऐंशीव्यात तो दोनदा येतो.

तांबड्या पाठीचं रजिस्टर त्यांनी टाकलेलं नाही. मीही टाका म्हटलं नाही. मागच्या कोऱ्या पानांवर काकूंनी दुधाचा हिशोब लिहायला घेतला आहे.